घाट बंद, पंगत सुरू

१७ एप्रिल, शुक्रवार

आज शाळेच्या खिचडीत मीठच नव्हतं! स्वयंपाक करणारी आवडीबाई घाईत विसरली. पोरांनी पहिला घास घेतला आणि सगळी एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागली. काय चुकलंय ते कुणालाच सांगता येईना. शेवटी तिसरीतली श्रुतिका म्हणाली, "बाई, आज भात गप हाय."

भात गप आहे! मी हसता हसता थांबलेच. कापड्याच्या या शाळेत इतकी वर्षं शिकवतेय, मिठावरची किती प्रवचनं ऐकली — तुम्ही जगाचं मीठ व्हा, चव आणा, नासू देऊ नका. पण हे कुणी सांगितलं नव्हतं. मीठ अन्नाला बोलतं करतं! स्वतः बोलत नाही. भाताला भात म्हणून बोलू देतं, डाळीला डाळ म्हणून. प्रभूला हेच म्हणायचं असेल का — की तुम्ही जिथे जाल तिथे दुसऱ्याला वाचा फुटू दे?

एसटीत बसून पोलादपूरला येईपर्यंत हेच डोक्यात. एक थांबा पुढे गेले!

घरी आल्या आल्या दर्शनाला सांगितलं. लेकीने हातच जोडले. "आई, तू सगळ्याचा येशूच्या गोष्टींसारखा दाखला करतेस. परवा गॅस संपला त्याचा केलास. माझ्या मोबाइलच्या चार्जरचा केलास. निदान माझ्या लग्नाचा तरी करू नकोस!"

नाही करणार म्हटलं.

(करणार!)

२० एप्रिल, सोमवार

आज फोनवरून आमंत्रणं. पत्रिका सगळ्यांना पोचल्यात, पण घरच्या माणसांना तोंडाने बोलवायला हवं. १ मे, पोलादपूर, हायवेलगतचं सभागृह. मुलाकडचे वाईहून महाबळेश्वरमार्गे घाट उतरून येणार. प्रितम तिकडे बँकेत आहे. मोकळा मुलगा — पहिल्या भेटीतच माझ्या चहात साखर जास्त आहे म्हणाला. तेव्हाच मला आवडला!

पहिला फोन महाडला, थोरल्या भाऊजींना. हे गेल्यापासून आमच्या घरातलं मोठं माणूस तेच. दर्शनाचा हात धरून तिला वेदीपर्यंत तेच आणणार असं मी धरूनच चालले होते. तर म्हणाले, "त्या दिवशी प्लॉटची नोंदणी आहे. जमणार नाही." एवढंच. खरं कारण मला माहीत आहे. प्रितमचं स्थळ चर्चच्या पाळकसाहेबांनी आणलं आणि मी भाऊजींना आधी न विचारता हो म्हटलं.

दुसरा फोन इंदापूरच्या मामेभावाला. तो म्हणाला, "ताई, नवा जेसीबी घेतलाय. त्याच दिवशी ताब्यात मिळतोय. चालवून बघायला नको?"

तिसरा ठाण्याच्या पुतण्याला. "काकी, आमचंच लग्न आत्ता झालंय ना. बायकोला घेऊन बाहेर चाललोय. बुकिंग झालंय."

फोन ठेवला आणि वाटलं, हे तर मी वाचलंय! धावत जाऊन बायबलमधलं शुभवर्तमान उघडलं. मोठ्या मेजवानीचा दाखला. बोलावलेल्यांपैकी एक म्हणतो, शेत घेतलंय, बघायला जायचंय. दुसरा म्हणतो, बैल घेतलेत, पारखायचेत. तिसरा म्हणतो, बायको केली आहे.

शेत, बैल, बायको! त्याच क्रमाने! दोन हजार वर्षांत माणसाला एक नवी सबब सापडली नाही!

रडू यायला हवं होतं. हसू आलं. मग रडूही आलं.

२१ एप्रिल, मंगळवार

१ मे — महाराष्ट्र दिन. सरकारी सुट्टी! भाऊजी, नोंदणी कोण करणार, शिपाई?

२५ एप्रिल, शनिवार

दिवसभर महाडला खरेदी. दर्शनाची पांढरी साडी, जरीचा बारीक काठ. दुकानात तिने खांद्यावर पदर टाकला आणि मला एकदम कुणीतरी छातीवर हलकं ढकलल्यासारखं झालं. एवढी मोठी कधी झाली ही? औद्योगिक वसाहतीत प्रयोगशाळेत नोकरी करते, बसने जाते-येते, चष्मा लावते — ते सगळं रोज दिसतं. पण हे आज दिसलं.

आहेराचे शर्ट घेतले. भाऊजींसाठीही एक घेतला, आकाशी, चांगल्यातला. दर्शना म्हणाली, "येणार नाहीत तरी?" तरी.

कपडे बघता बघता तो दुसरा दाखला आठवला. राजपुत्राच्या लग्नात रस्त्यावरचे लोक बोलावून आणतात, आणि मग एकाच्या अंगात लग्नाचा पोशाख नाही म्हणून त्याला बाहेर काढतात. मला हे कधीच पटलेलं नाही! रस्त्यावरून ओढून आणलेला माणूस पोशाख कुठून आणणार? बाजारातच पाळकसाहेब भेटले, तिथेच त्यांना विचारलं — हातात भाजीच्या पिशव्या दोघांच्याही. ते म्हणाले, "पोशाख यजमानच देत असे म्हणतात, रत्नमालाबाई. त्याने घातला नाही, एवढंच." बरं. पण त्याला कुणी नीट विचारलं तरी का — बाबा, का घातला नाहीस?

संध्याकाळी शेजारच्या काशीबाई आल्या. साडी बघितली, हात फिरवला. म्हणाल्या, "त्याच दिवशी आमची बुद्धपौर्णिमा हाय गो. सकाळी विहारात वंदना, मग खीर वाटायची. त्ये उरकून येतो आमी सगळ्या. जेवायला ठेव काय तरी!" त्यांचा मुलगा धम्मपाल स्टँडवर मिनीडोर रिक्षा चालवतो. वऱ्हाडी आणायला-सोडायला तोच.

२७ एप्रिल, सोमवार

भाऊजी नाहीत तर दर्शनाला वेदीपर्यंत कोण आणणार? मी विचारात. ती चष्मा पुसत म्हणाली, "तू. दुसरं कोण?"

जणू काही विचारण्यासारखं नव्हतंच.

३० एप्रिल, गुरुवार

हळद! घरभर पिवळे हात. भिंतीवर पंजा उमटला तो तसाच ठेवणार. पांडू आचारी सभागृहाच्या मागे चुली मांडून बसलाय — मटण, वडे, वरण-भात, शाकाहारींना वाटाण्याची उसळ, जिलेबी. "बाई, दोन्ही वऱ्हाडं जेवून उरंल," म्हणाला.

प्रार्थना केली पण शब्दच सुचेनात. नुसतं "धन्यवाद, धन्यवाद" म्हणत राहिले.

१ मे, शुक्रवार, सकाळ

प्रितमचा फोन. पहाटेच निघाले! बसमध्ये गाणी चालू आहेत, मागे कुणीतरी डबा वाजवतंय. ढोलकी विसरले म्हणे!

मोगऱ्याचे गजरे आले. दर्शना तयार होते आहे. मला चप्पल सापडत नाहीये!

१ मे, दुपार — सभागृहाच्या खोलीत, दार लावून

घाट बंद.

वरच्या वळणावर तेलाचा टँकर उलटलाय. खाद्यतेल, सगळा रस्ता तेलाने माखलाय. मुलाकडची बस पलीकडे अडकली, पुढेमागे गाड्या, वळवायला जागा नाही. एका दुचाकीवाल्याचा पाय मोडला. आणि टँकरचा ड्रायव्हर पळून गेला! त्याला तसाच रस्त्यात टाकून पळाला!

क्रेन महाडहून जाणार. कधी, कुणाला माहीत. पाळकसाहेब घड्याळ बघतात. ख्रिस्ती लग्न संध्याकाळी सातच्या आत लागलं पाहिजे, कायदाच आहे. नाहीतर आज नाही.

बाहेर कुणीतरी कुजबुजलं, "असं अडणं बरं नव्हे." दर्शनाने ऐकलं. नुसती खुर्चीत ताठ बसून आहे, गजरा सुकतोय.

त्या ड्रायव्हरचं तळपट होवो!

लिहिलं. खोडत नाही.

२ मे, शनिवार

लग्न लागलं!!

आता सगळं लिहिते. हात दुखेपर्यंत लिहिते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

काल दुपारी डायरी मिटली आणि बाहेर आले, मांडवाच्या तोंडाशी. समोर हायवे. घाटाकडे जाणाऱ्या गाड्या पोलिसांनी खालीच अडवलेल्या, रांग पार स्टँडपर्यंत. सुट्टीचा दिवस, सगळी महाबळेश्वरला निघालेली माणसं. दोन एसट्याही त्यातच. ऊन असं की डांबर चिकटत होतं. हॉटेलांतलं संपलेलं, पाण्याच्या बाटल्याही संपलेल्या. एसटीच्या सावलीत एक बाई बाळाला बिस्कीट पाण्यात भिजवून भरवत होती. तिच्या शेजारी तिचे सासरे असावेत, डोक्यावर ओला रुमाल घेऊन डोळे मिटून बसलेले. आणि माझ्या पाठीमागून मटणाचा वास!

मी तिथे किती वेळ उभी होते कोण जाणे. दाखला आठवला असं म्हणणार नाही. गेले दहा-बारा दिवस तो माझ्या तोंडातच होता — फोनवर सांगितला, शाळेत सांगितला, हसून हसून सांगितला. शेत, बैल, बायको! पण त्याच्या पुढची ओळ मी सोडूनच देत होते. यजमान चाकराला म्हणतो — रस्त्यांवर जा, कुंपणांपाशी जा आणि लोकांना आण, माझं घर भरू दे.

रस्ता समोरच होता की!

पांडूकडे गेले. "वाढायला घे."

"कोनाला? वऱ्हाड तर वर अडकलंय."

"ते सगळे. रस्त्यावरचे."

तो झारा हातात धरून माझ्याकडे बघतच राहिला. "बाई, येडं झालाव काय? मुलाकडची मान्सं सांजच्याला आली नि पातेलं खाली दिसलं, तर? तुमची नि माजी, दोघांची अब्रू जाईल!"

खरंच होतं त्याचं. पाळकसाहेबांकडे बघितलं. तेही पातेल्याकडे बघत होते. विहीणबाई पहिल्यांदाच आमच्या दारी येणार आणि मी त्यांचंच जेवण वाटून टाकणार! तेवढ्यात मोबाइल वाजला. घाटात रेंज येते-जाते, प्रितमचा आवाज तुटत तुटत आला. मी त्याला भडाभडा सगळं सांगितलं. तो हसला! "आई, आधी त्यांना घाला जेवायला. आमचं काय, इथे करवंदं आहेत! आमची आई पदरात गोळा करतेय!" आणि रेंज गेली.

झालं. पाळकसाहेबांनी कोट काढून खुंटीला लावला, पांडूचा पंचा कमरेला बांधला आणि भाताचं घमेलं उचललं. मी रस्त्यावर गेले. शाळेत प्रार्थनेला ओरडते तसा आवाज लावला — "चला, जेवायला चला! लग्नघर आहे, लाजू नका!"

पहिल्यांदा कुणी हललंच नाही. एका गृहस्थाने विचारलं, "ताटाला किती?" मी म्हटलं, "काही नाही हो, लग्न आहे!" तो इकडेतिकडे बघत म्हणाला, "नवरा कुठाय?" मी म्हटलं, "घाटात!" त्याला हसू फुटलं. त्याने बायकोला हाक मारली. आणि मग बांध फुटल्यासारखी माणसं आली — बाळाची आई, तिचे सासरे, दोन्ही एसट्यांचे कंडक्टर, टोप्या घातलेली कॉलेजची मुलं, गॉगलवाल्या बायका, एक म्हातारं मुसलमान जोडपं! मटण चालेल की नाही म्हणून विचारलं, तर आजी म्हणाल्या, "उसळच दे बेटी, पण गरम दे."

आणि दर्शना बाहेर आली. पांढरी साडी, डोक्यावर जाळीचा पदर. मला वाटलं आता रडेल. तिने तो पदर काढून कमरेला खोचला, जिलेबीचं ताट उचललं आणि पंगतीत शिरली. नवरी वाढतेय म्हटल्यावर लोक उठून उभे राहायला लागले! "बसा, बसा, गरम आहे!" ती म्हणत होती. तिचा चेहरा — सकाळपासून जो आवळून धरला होता तो एकदम मोकळा झालेला. मी तिला इतकी सुंदर कधीच पाहिली नव्हती. लग्नाच्या साडीवर पाकाचे डाग!

पंगतीमागून पंगत. मी पाणी वाढत फिरत होते. तेव्हा सभागृहाच्या टाकीमागे एक माणूस दिसला. चाळिशीचा असेल. भिंतीला टेकून उकिडवा बसलेला. शर्ट खांद्यापासून फाटलेला, दोन्ही हातांवर काट्यांचे ओरखडे, कोपराला रक्त वाळलेलं.

"दादा, जेवायला चला."

त्याने मान हलवली. "नको ताई."

"का? काय झालंय हाताला?"

"वर घाटात होतो. पडलो. चालत आलो." मग स्वतःकडे बघून म्हणाला, "असल्या कपड्यात लग्नात कसा येऊ."

तो दाखल्यातला माणूस! मला विचारायचं होतं ना त्याला — बाबा, का घातला नाहीस? हा माझ्यासमोर बसून उत्तर देत होता! धावत खोलीत गेले. आहेराची पिशवी उपसली. भाऊजींचा आकाशी शर्ट वरच होता. तोच नेला. म्हटलं, "हा घाला. हे लग्नघराचंच आहे." तो घेईना. मी हातात कोंबलाच. कोपर धुऊन दिलं, हळद लावली — कालची उरली होतीच! त्याने टाकीआड जाऊन शर्ट घातला. थोडा ढगळ झाला, पण शोभला. त्याला पंगतीत बसवलं, चांगला मधोमध. स्वतः वाढलं.

त्या पंगतीत टँकरचाच विषय चालला होता. एक जण म्हणाला, "ड्रायव्हर सापडला तर तुडवायला पाहिजे." मीही भात वाढता वाढता म्हटलं, "जखमी माणसाला रस्त्यात टाकून पळतो, त्याला माणूस कोण म्हणेल!" सगळे हो हो म्हणाले. थोड्या वेळाने बघते तर आकाशी शर्टवाला उठून गेलेला. ताटात अर्धा भात तसाच. एवढा उपाशी माणूस! कोपर दुखत असेल म्हटलं. कामाच्या गर्दीत विसरून गेले.

ऊन कललं. पातेली तळाला आली. क्रेन पोचली होती, पण वाट काही मोकळी होईना. पाळकसाहेब पुन्हा घड्याळ बघायला लागले. आता मात्र माझा धीर सुटला. देवा, मी सगळ्यांना जेवू घातलं, माझ्या लेकीचं काय? असं मनात म्हटलं. हिशोब मागितल्यासारखंच म्हटलं.

तेवढ्यात काशीबाईंचा धम्मपाल आला. "बाई, क्रेनच्या कडंनं मान्सं चालत उतरतायत म्हनं. मी मिनीडोर घेऊन जातो वर. पोलीस वळखीचा हाय."

गेला. आम्ही बघत उभे. जेवलेली माणसंही गेली नव्हती! गाड्या सोडून सगळी मांडवात थांबलेली, नवरा येतो की नाही ते बघायला. कॉलेजच्या मुलांनी पैजा लावल्या. गॉगलवाल्या बायकांनी दर्शनाचा गजरा बदलला, स्वतःच्या केसातला काढून. दुसरं लग्नघर कुठे असं असेल!

सूर्य डोंगराआड जायला टेकला आणि हायवेवरून भोंगा! धम्मपालने बोट काढलंच नाही भोंग्यावरचं. मिनीडोरमधून प्रितम उतरला — सूट, टाय, आणि गुडघ्यापर्यंत तेल! एका पायात बूट, दुसऱ्यात नाही. मागे विहीणबाई, साडी तेलाने चोपलेली, पदराला करवंदांचे जांभळे डाग. मी हात जोडून पुढे गेले, बोलायला तोंड उघडलं, तर त्यांनीच मला मिठी मारली. दोघी तेलात!

"घसरगुंडी करत आले हो तुमच्या दारी," म्हणाल्या.

हात-पाय धुवायलाही वेळ नव्हता. पाळकसाहेब पंचा सोडायला विसरले, तसेच पुढे उभे राहिले. मी दर्शनाचा हात धरला. खुर्च्यांमधून आम्ही दोघी चालत गेलो. दोन्ही बाजूंना मंडळी आमची मूठभर, आणि बाकी सगळे कुठले कुठले लोक उभे! कुणी टोपी काढलेली, कुणी हात जोडलेले, म्हातारे मुसलमान आजोबा दुआ पुटपुटत होते. वचनं झाली. अंगठी तेलाच्या बोटात सुळकन गेली. पाळकसाहेबांनी घड्याळ बघितलं आणि आधी हसले, मग पती-पत्नी म्हणून जाहीर केलं. सातच्या आत!

टाळ्या, शिट्ट्या! हायवेवरच्या गाड्यांचे हॉर्न!

आणि मग मला आठवलं — जेवण! मुलाकडचे बाकीचे पाठोपाठ येतच होते, भुकेले, आणि पांडू पालथ्या पातेल्यावर हात ठेवून उभा. मी मरणार होते लाजेने. तेव्हा मांडवाच्या मागच्या बाजूने काशीबाई आल्या. मागे आळीतल्या सगळ्या बाया. विहारातल्या खिरीचं भलं मोठं पातेलं दोघी दोन कड्यांनी धरून. घराघरांतून भाकरी, सुकट, कैरीचं लोणचं, कुणाच्या तरी घरचं पिठलं, अजून फसफसतंय.

"दुपारीच बघितलं तुजं काय चाललंय त्ये," काशीबाई म्हणाल्या. "म्हटलं, हिचं काय उरत नाय. खीर राखून ठेवली निम्मी. वाट पानं, बघतेस काय!"

वाईच्या वऱ्हाडाने मांडी घालून भाकरी-पिठलं खाल्लं आणि बुद्धपौर्णिमेची खीर तीन तीनदा मागून घेतली. विहीणबाई मला म्हणाल्या, "मटण कुठेही मिळतं."

पाच भाकरी आणि दोन मासळ्यांचा चमत्कार मी शाळेत असल्यापासून ऐकतेय. टोपल्या उरल्या हे लिहिलंय. त्या टोपल्या कुणाच्या घरच्या होत्या ते लिहिलं नाहीये. मला आता माहीत आहे, कुणाच्या असतील!

दर्शना निघताना रडली नाही. मीही नाही. गाडी वळली आणि मग मी पांडूच्या चुलीपाशी बसून मनसोक्त रडले. त्याने चहा दिला. "बाई, अब्रू ऱ्हायली," म्हणाला.

३ मे, रविवार

महाडला उपासना. पाळकसाहेबांनी मलाच उभं केलं — "आज प्रवचन रत्नमालाबाईंचं!" मी तयारी केली नव्हती, पण काय बोलले! मीठ, मेजवानी, करवंदं, खीर, सगळं! आकाशी शर्टाची गोष्ट सांगितली तेव्हा तर सगळे पुढे सरकून ऐकायला लागले. पोशाख यजमानाने द्यायचा असतो, म्हटलं. मग आपण आधी शर्ट घेऊन टाकीमागे जायचं असतं! बायकांनी डोळे पुसले. बाहेर आल्यावर तिघी-चौघींनी हात हातात घेतले. असं बोलता येतं मला, हे मलाच माहीत नव्हतं!

आणि शेवटच्या बाकावर थोरले भाऊजी. लग्नाला नाही आले, पण आज आले. दारात मला अडवून गंभीर तोंडाने म्हणाले, "माझा शर्ट दिलास म्हणे?" मी हात जोडायला गेले. तर खो खो हसले. मग डोळे भरले त्यांचे. "पोरीला फोन करतो," म्हणाले. "नोंदणी काही झाली नाही त्या दिवशी. सुट्टी होती."

"माहीत आहे," म्हटलं!

रात्री झोपताना वाटलं, हा दाखला मला पुरता कळला. एकही धागा सुटा राहिला नाही.

४ मे, सोमवार

घर रिकामं. पण वाईट नाही वाटत. दर्शनाचा फोन — दोघं महाबळेश्वरला गेलीत, तिकडे रात्री थंडी आहे, स्वेटर विसरली! मे महिन्यात!

जून महिन्यात कापड्याला मुलांना हे सगळं गोष्ट करून सांगणार. श्रुतिका काय म्हणते बघू.

५ मे, मंगळवार

सकाळी दारात पंगतीतला तो आकाशी शर्टवाला माणूस.

"ताई, टँकर मीच चालवत होतो." ब्रेक लागला नाही म्हणाला. तो दुचाकीवाला ओरडत होता, लोक धावून येताना दिसले, आणि आपण जंगलात पळालो, म्हणाला. तेव्हापासून इथेच फिरतोय. "त्याच्या पायाचं काही कळलं का हो?" आधी हेच विचारलं. मग म्हणाला, "तुम्ही वाढताना जे बोललात ते खरंय. पण वाढलंतही तुम्हीच. दुसऱ्या कुणाच्या दारी जाऊ, सुचेना. पोलीस ठाण्यात जायचंय. एकट्याने पाय उचलत नाही."

मला एकही वचन आठवलं नाही.

नाव विचारलं. त्या दिवशी विचारलंच नव्हतं. मंगेश.

तो ओट्यावर बसलाय, चहा घेतोय. साडी बदलून त्याच्यासोबत निघतेच.